कुलूप लावलेला प्रश्न

रविवार, ९ मार्च

प्रिय भाऊजी,

नमस्कार. तुम्ही, छोटी आणि छोटीची आई सगळे बरे असाल. मीही बरी आहे. ऑफिसला जायला लागले. गॅलरीतला नळ शेवटी एकदाचा दुरुस्त झाला. शेजारच्या आजी रोज दार वाजवून 'जेवलीस का' विचारतात आणि मी हो म्हणते. बहुतेक वेळा ते खरंही असतं.

तुमचा मेसेज मिळाला. "वहिनी, फोरम या महिनाअखेरीस बंद करावा म्हणतो. तुमचं मत कळवा." मी लगेच 'चालेल' असं लिहिलं होतं, मग पुसलं. फोन केला असता तर मी नुसती हं हं करत बसले असते, तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणून लिहिते आहे.

तुमचं म्हणणं मला पटतं, हे आधी सांगते. तुमचा दादा गेल्यापासून त्याच्या फोरमवरच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांना उत्तरं मीच देते आहे आणि खरं सांगायचं तर माझा जीव मेटाकुटीला आला आहे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, घरी येऊन पुन्हा तेच. ऑफिसातल्यांना निदान चूक कुठे झाली हे जाणून घ्यायचं असतं. इथल्यांना नसतं. परवा एकाने स्क्रीनचा फोटो पाठवला, तोही मोबाइलने तिरका काढलेला. अर्ध्या फोटोत त्याचा अंगठा, उरलेल्या अर्ध्यात चहाचा कप. खाली लिहिलं होतं, "मॅडम चालत नाही, अर्जंट." काय चालत नाही ते कपालाच विचारावं लागलं असतं. दुसऱ्या एकीने कॉलेजचा पेपर जसाच्या तसा उतरवून टाकला, 'प्रश्न चौथा, गुण दहा' यासकट. उत्तर दिलं तर म्हणाली, "थँक्यू, पण हे पेस्ट कुठे करू?" आणि आता तर त्या एआयच्या यंत्राकडून प्रोग्रॅम लिहून आणतात, वाचत नाहीत, आणि ते का चालत नाही हे आपल्याला विचारतात. यंत्राला का नाही विचारत, असं मी एकाला म्हटलं. तो म्हणाला, "त्याला विचारलं, ते सॉरी म्हणतं."

प्रश्न विचारण्याआधी भरायची ती चौकट तुम्हाला आठवत असेल, 'काय करून पाहिलंत?' दादाने ती मोठ्या हौसेने घातली होती. ती भरल्याशिवाय प्रश्न पुढे जात नाही. लोक त्यात 'सगळं' असं लिहितात. ज्यांना तेवढाही कंटाळा, ते एक टिंब देतात. टिंब दिसलं की दादा प्रश्नाला कुलूप लावायचा, मग त्याखाली कोणालाच उत्तर लिहिता यायचं नाही. 'प्रश्न अपुरा आहे. आधी वाचा, मग विचारा.' पोरं त्याला कुलूपकाका म्हणायची, ते त्याला माहीत होतं आणि आवडायचंही. आता मला कुलूपकाकू म्हणतात. मला आवडत नाही.

तेव्हा बंद करायला माझी हरकत असण्याचं कारण नाही. सर्व्हर तुमच्याकडे आहे, इतकी वर्षं एकही शब्द न बोलता तुम्ही तो सांभाळलात. तुम्ही बटण दाबलंत की सगळं पुसलं जाईल, हे मला कळतं. त्यातलं एक पान पुसलं जाण्याआधी तुम्हाला सांगायला हवं, एवढंच आहे. पण ते सांगायला मला थोडं मागून सुरू करावं लागेल.

आम्ही पहिल्यांदा हॉस्पिटलात गेलो तो दिवस. डॉक्टरीणबाई वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी विचारलं, "काय होतंय?"

दादा म्हणाला, "बरं वाटत नाही."

"म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे..." तो थोडा सावरून बसला. मग म्हणाला, "चालत नाहीये."

मला हसू आलं, भाऊजी. खरंच आलं. सगळ्या जगाला नेमकं बोला म्हणून दमात घेणारा माणूस, आणि तपासायच्या टेबलावर पाय लोंबकळत बसून सांगतोय काय, तर चालत नाहीये. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. त्याला सांगता येत नव्हतं.

बाई उठल्या. त्यांनी हात धुतले, पुसले आणि त्याच्या पोटावर बोटं ठेवली. "इथे दुखतं? बरं. इथे? आणि इथे दाबलं तर?" अशा एकेक जागा त्या विचारत गेल्या. घाई नाही, कपाळाला आठी नाही. बाहेर माणसं खोळंबली होती.

पुढच्या तपासण्यांचे कागद घेऊन आम्ही जिना उतरत होतो. मधल्या वळणावर तो कठड्याला धरून थांबला. मला वाटलं दम लागला. म्हणाला, "तिने कुलूप नाही लावलं गं."

मी म्हटलं, "डॉक्टर आहे ती. तिचं कामच आहे ते."

"हो, पण मला खरंच सांगता येत नव्हतं. त्या प्रश्न विचारणाऱ्यांनाही येत नसेल बहुतेक."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना नाही. काही आळशीच आहेत." मग उतरायला लागला.

पुढे तो एकदम साधुसंत झाला असं समजू नका. हॉस्पिटलच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसायचा आणि वैतागायचाच. सलाइनच्या हाताने टाइप करू नका म्हणून सिस्टर ओरडायची. पण कुलपं कमी झाली. 'कुठल्या ओळीपर्यंत नीट चालतं? त्याच्या पुढची ओळ काढून पाहा. आता?' असं विचारत बसायचा, त्या बाईंसारखं एकेक जागा दाबत. निम्मे लोक उत्तरच द्यायचे नाहीत. तो म्हणायचा, "बघ, हा आळशी निघाला," आणि पुढचा प्रश्न उघडायचा.

आता ते पान.

तुम्ही दुकानातली नोकरी सोडून प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं होतंत, तेव्हाची गोष्ट. आमच्याकडेच राहत होतात. फोरमवर भलत्याच नावाने तुम्ही प्रश्न टाकलात, 'प्रोग्रॅम चालत नाही, काय करू?' आणि चौकटीत टिंब. दादाने कुलूप लावलं. जेवताना तुम्ही म्हणालात, "तो मी होतो." तो म्हणाला, "माहीत होतं. तुझ्यासाठी वेगळा नियम करू का?" तुम्ही ताटावरून उठलात. मी ताट झाकून ठेवलं होतं. ते सकाळी तसंच होतं.

त्यानंतर तुम्ही दोघं भांडला नाहीत. भांडला असतात तर बरं झालं असतं. सर्व्हर बंद पडला की 'बघतो', सुरू झाला की 'झालं'. आठवत असेल तर सांगा, तुमच्या दोघांत याहून मोठं वाक्य कधी झालं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर एका दुपारी तो मला म्हणाला, "त्याचा प्रश्न शोध." कोणाचा हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी तुमचं ते भलतंच नाव शोधून काढलं. त्याने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं आणि खाली उत्तर लिहिलं. लिहायला बराच वेळ लागला, बोटं सुजली होती.

मी म्हटलं, "अरे, फोन कर ना सरळ. इथे लिहून त्याला कसं कळणार?"

"कळेल. उत्तर आलं की मेल जातो."

"त्या वेळचा मेल तो कशाला वापरत असेल आता?"

"प्रश्न त्याने तिथे विचारला होता. उत्तर तिथेच द्यायला हवं."

तुम्हा दोघा भावांना एका आईनेच वाढवलं, म्हणून मी हट्ट केला नाही. मी गुपचूप तुम्हाला फोन करीन, हे ओळखून त्याने मला तसं करू नको म्हणून बजावलंही. रोज उठला की विचारायचा, "आलं का काही?" मी फोरम उघडून बघायची. छत्तीस प्रश्न आलेले असायचे, अर्जंट, मॅडम, सर, प्लीज. मी म्हणायची, "अजून नाही." तो म्हणायचा, "शिकत असेल. वेळ लागतो नव्या माणसाला."

तुम्ही आलात तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता. तुम्ही त्याच्या पायाशी उभे राहून मला विचारलंत, "काही म्हणत होता का?" मी 'नाही' म्हटलं. तेव्हा मला एवढं सगळं सांगता आलं नसतं. नुसतं 'बरं वाटत नाही' एवढंच आलं असतं तोंडातून.

भाऊजी, फोरम बंद करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी खरंच दमले आहे, तुम्ही बंद केलात तरी मनात काही ठेवणार नाही. चालू ठेवायचा तर मात्र मला एकटीला नाही जमणार. अर्ध्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं द्यायची. ते चहाच्या कपवाले सगळे तुमच्याकडे.

पण बटण दाबायच्या आधी एकदा त्या जुन्या नावाने आत जा. पासवर्ड विसरला असाल तर मी बदलून देते, विचारायला लाजू नका. त्याने काय लिहिलंय ते मी इथे उतरवून दिलं असतं, पण ते तुम्हाला लिहिलेलं आहे, आणि तिथेच लिहिलेलं आहे. एवढंच सांगते, की उत्तर पूर्ण नाही. शेवटी त्याने तुम्हाला विचारलं आहे, कुठपर्यंत चालतं.

छोटीला माझा पापा. उत्तराची मला घाई नाही. तिथे मात्र द्या.

तुमचा प्रश्न उघडा ठेवून,
तुमची वहिनी