आवडीच्या दत्ताचा फोटो

दहिवली, कर्जत
१८ ऑगस्ट २०२५

चि. देवेश,

आशीर्वाद. गुडघा सोडला तर तब्येत बरी आहे. फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस, म्हणून लिहिते.

तुझ्या कंपनीचा वार्षिक अहवाल यंदापासून छापून मिळणार नाही, असं तुम्ही कळवलंत. बाबा होते तेव्हा पोस्टाने यायचा आणि ते दुपारभर पेन्सिल घेऊन वाचायचे. आता तो वेबसाइटवर. आधी सापडेना, सापडला तर उघडेना, उघडला तर अक्षरं मुंगीएवढी. वर लिहिलंय, गुंतवणूकदारांच्या सोयीसाठी. हे काम तुझ्याच विभागाचं ना?

तरी वाचला. साजगावच्या कारखान्याचं पान बोटांनी मोठं करत होते, तेवढ्यात आवडी करटुली विकायला आली. ठाकूरवाडीतली, तुला लहानपणी करवंदं द्यायची ती. तिने मोबाइलकडे बघितलं आणि टोपली खाली ठेवली.

“बाई, ह्यो माजा दत्ता हाय.”

पिवळं हेल्मेट, हसरा चेहरा. खाली ‘आमचं कुटुंब’.

“सायब तर बोल्ला, तुजा पोरगा आमचा नाय, ठेकेदाराचा हाय. मंग फोटू कसा गं त्यांच्यात?”

त्याच पानावर छापलंय, कारखान्यात वर्षभरात एकही मृत्यू नाही. ते मी तिला वाचून दाखवलं नाही.

दत्ता गेल्या गणपतीत गेला, भट्टीजवळ. तू तेव्हा इथेच होतास. जेवताना फोन आला, तो घेऊन ओट्यावर गेलास. परत आलास तेव्हा मी विचारलं. “काही नाही गं, ठेकेदाराचं काहीतरी,” म्हणालास, आणि आणखी एक मोदक मागितलास. मी वाढला. त्यावर तूपही घातलं.

हे पत्र वाचून तू आधी फोटो काढायला जाशील. तुला मी ओळखते. फोटो राहू दे. ‘एकही मृत्यू नाही’ हे वाक्य बदल. दत्ताचं नाव घाल आणि सुधारलेला अहवाल भागधारकांच्या वार्षिक सभेच्या आधी वेबसाइटवर चढव. तुझे साहेब नाही म्हणाले, तर ते मला लेखी कळव.

बाबांचे शेअर आता माझ्या नावावर आहेत. ऑनलाइन सभेत बोलणाऱ्यांमध्ये मी नाव नोंदवलं आहे. आवडी माझ्या शेजारी बसणार आहे. अहवाल बदलला नाहीस, तर तिचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत विचारीन, आणि तू समोर असशील.

यंदा गणपतीला ये. पण आधी हे काम कर.

तुझी आई,
आणि तुमच्या कंपनीची भागधारक