सदर पाळक

३ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचा गुडघा तसाच आहे, आणि 'गुडघ्याला काय धाड भरलीय' हे तिचं उत्तरही तसंच. बाबांचं मात्र ठीक नाही. परवा सुताराच्या मुलीचा अंत्यविधी होता. प्रार्थना सांगायला बाबा शवपेटीपाशी उभे राहिले आणि लग्नाचा विधी म्हणू लागले. कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी, असं विचारून थांबलेसुद्धा. पाळक बोलत असताना मध्ये बोलायचं नाही ही आपली शिस्त, म्हणून सगळे गप्प. मीही. सुतारीण पेटीवर हात ठेवून ऐकत राहिली.

पंधरा तारखेला, रविवारी, चर्चच्या कमिटीत बाबांना पाळकपदावरून मोकळं करायचा ठराव येतोय. एकमत लागतं, आणि कमिटीत मी आहे. काय करू, सांग.
तुझा धाकटा

७ जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ज्या वेदीपुढे त्यांनी आपल्या दोघांचा बाप्तिस्मा केला, तिथून त्यांनाच हाकलायचं? ही कमिटी त्यांनीच उभी केली, आता तिला शिंगं फुटली. पद गेलं तर बाबांकडे उरतं काय? घरात आईसुद्धा त्यांना पाळकसाहेबच म्हणते. तू हात वर केलास तर मला तोंड दाखवू नकोस. आणि वेळेवर जेवत जा.
रागावले तरी तुझीच,
ताई

१५ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी हात वर केला. एवढं वाच, मग हवं तर पत्र फाड.

अध्यक्ष म्हणून सभा बाबांनीच चालवली. सचिवाला त्यांचं नाव घ्यायची लाज वाटली. त्याने 'सदर पाळक' एवढंच वाचलं. आपल्याबद्दल चाललंय हे बाबांना उमगलंच नाही. माझ्या डोळ्यांपुढून सुतारीण हलत नव्हती. सगळ्यांचे हात वर गेले. अध्यक्षाचं मत शेवटी, म्हणून मग बाबांनी स्वतःचाही हात वर केला. म्हणाले, बिचारा थकलाय, त्याला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं.

असा निर्णय पाळकाने स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन सांगायचा, हा नियम बाबांचाच. त्यांनी कोट चढवला, बायबल काखेत घेतलं आणि मला घर दाखवायला सांगितलं. वाटभर शब्दांची जुळवाजुळव करत होते. बायको घरी असेल तर आधी तिला धीर देऊ, म्हणाले. मला रडू आवरेना, ताई.

मी त्यांना आपल्याच घरी आणलं. दुसरीकडे कुठे नेणार? त्यांनी दार वाजवलं, टोपी काढून हातात धरली. आईने दार उघडलं. बाबांनी तिला अदबीने खुर्चीवर बसवलं आणि पाळकसाहेब घरात आहेत का, असं विचारलं.

अजून ते वाट पाहत बसलेत. तू ये. लोभ उरला असेल तर माझ्यासाठी, नाहीतर आईसाठी.
तुझा धाकटा