दोन चाव्यांचे घर

मी, खाली सही करणारी, बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेली, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत. चार ओळी लिहिल्या की उठून दारापर्यंत जाऊन येते, म्हणून अक्षर तुटक दिसेल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे निम्मे-निम्मे केले होते, आणि ते या दोघांच्या फारच सोयीचे झाले असते.

हे दोघे म्हणजे माझा थोरला आणि माझी धाकटी. त्यांचे वडील गेले तेव्हा धाकटीला पोचायला उशीर झाला. थोरला सगळ्यांदेखत म्हणाला, "आता कशाला आलीस?" ती आल्या पावली परत गेली. तेव्हापासून अबोला. माझ्याकडे दोघेही येतात, पण एकमेकांची वेळ चुकवून. यात माझा जीव टांगणीला लागला आहे. असे कायद्याच्या कागदात लिहीत नाहीत, तरी लिहिते.

कलम १. बँकेतली ठेव दोघांना सारखी. ती काढायला गेलात तर काचेमागची मुलगी मान वर न करता सांगेल, मोबाईलवर करा. आमच्या वेळी पैसे काढायला आलेल्याला पितळी टोकन मिळे आणि नंबर पुकारेपर्यंत तो बाकावर बसे. त्या बाकावर लग्ने जुळली, भांडणे मिटली, एकमेकांच्या गुडघ्यांवरची औषधे ठरली. पासबुक आम्ही हाताने भरत असू, आणि भरता भरता घरची विचारपूस होई. ज्या साहेबांनी तो बाक काढून तिथे झाडाची कुंडी ठेवली, त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. भेटायला आले तर चहासुद्धा नाही.

कलम २. ओल्या स्पंजची वाटी, जिच्यावर बोट टेकवून मी आयुष्यभर नोटा मोजल्या, ती धाकटीच्या मुलीला. ती त्यात रंग कालवेल. कालवू दे.

कलम ३. घर. हे नीट वाचावे.

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असत. एक मॅनेजरांकडे, एक माझ्याकडे. एकट्याने ती उघडत नसे. मॅनेजरांचे आणि माझे एकदा रजेवरून असे वाजले की आम्ही बोलणेच टाकले. पण सकाळी तिजोरीपाशी शेजारी शेजारी उभे राहावेच लागे. बाहेर लोक ताटकळलेले, तिथे रुसून कसे चालेल? असेच एकदा, चावी फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मुलाचा ताप उतरला का?" मला रडूच आले. नंतरही आम्ही भांडलो, पण बोलणे कधी टाकले नाही. आता ती शाखा बंद झाली आणि तिजोरी भंगारात गेली.

म्हणून मी घराच्या दाराला तसलेच कुलूप बसवून घेतले आहे. कुलूपवाला डोके खाजवत म्हणाला, "काकू, एकीकडची चावी आलीच नाही तर?" मी म्हटले, त्याच विचाराने मला झोप लागत नाही, तुम्ही बसवा. घर दोघांच्या नावे सामाईक राहील. एकाने दुसऱ्याचा हिस्सा विकत घेऊन मोकळे होऊ नये. कुलूपही बदलू नये.

कलम ४. हे सारे माझ्यामागे व्हायचे होते, पण माझ्याच्याने धीर धरवला नाही. गेल्या आठवड्यात दार ओढून घेतले आणि एकेक चावी दोघांना पोस्टाने पाठवली. तिसरी चावी नाही. दोन कपडे आणि गोळ्या घेऊन मी समोरच्या शिंपीणबाईंकडे राहते आहे. हे वेड आहे असे त्या रोज सांगतात, आणि रोज माझे अंथरूणही घालतात.

इथवर लिहिले आणि थोरल्याचा फोन आला. ही कसली चावी म्हणून ओरडला. मी सगळे सांगितले. तिच्याशिवाय उघडणारच नाही का, त्याने विचारले. नाही म्हटले. मग म्हणाला, "आई, तिचा नंबर दे. माझ्याकडे नाही."

मी सावकाश, दोनदा सांगितला.

सही: लिहून ठेवणारी, हेड कॅशियर (निवृत्त)

ठिकाण: शिंपीणबाईंचे दुकान, कापायच्या टेबलाची रिकामी बाजू
तारीख: तीन जून, सोमवार

साक्षीदार: १. शिंपीण २. कुलूपवाला

आम्हा दोघांसमक्ष बाईंनी राजीखुशीने सही केली. सही अर्धी असताना त्या उठून रस्त्यावर जाऊन बघून आल्या, आणि मग उरलेली केली.