गैरअर्जदार इवाईंस रामराम

मु. रोहणा, ता. आर्वी
१२ जानेवारी १९८२

श्री. नत्थूजी इवाई, मु. अल्लीपूर, यांस डोमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडता येतात. कंबरेच्या वरचं सामान सगळं शाबूत आहे.) कोर्टाच्या कागदात तुमचं नाव 'गैरअर्जदार क्रमांक एक' असं आहे, पण पोरीच्या सासऱ्याले पत्रात तसं लिहायले हात वळला नाई. क्रमांक दोन म्हणजे ती विम्याची कंपनी; तिले काही मी रामराम लिहिणार नाई. तुमचा गुडघा कसा आहे? इहीणबाईचा खोकला थंडीत वाढत असंन, त्याईले म्हणा अडुळशाचा काढा घेत जा. आमच्याकडे मी सोडून सगळे ठीक आहेत. पाठीले जखमा झाल्या म्हणून डॉक्टरनं पालथं झोपायले सांगतलं, तवा हे पत्र पोटावर पडून, उशीवर पाट ठेवून लिहून राह्यलो. अक्षर वाकडं दिसलं तर त्याचा राग म्हणून अर्थ लावू नका.

लिहायचं कारण असं की मागच्या तारखेले तुम्ही आले नाई. तुमच्या वकिलानं सांगतलं की गैरअर्जदार तापानं फणफणले आहेत. ताप उतरला असंन अशी आशा करतो. (आमचा पुतण्या बबन, त्याच्या साळ्यानं त्याच दिवशी तुम्हाले हिंगणघाटच्या बाजारात मिरच्या घेताना पाह्यलं म्हणे. बाजारात ताप लवकर उतरते.) त्या दिवशी कोर्टात काय झालं ते वकील लोक तुम्हाले आपापल्या सोयीनं सांगतीन, म्हणून माझ्या तोंडून आयका.

मुळात ही केस तुम्हीच करायले लावली, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत असतो, पण कोणाले पटत नाई. मागच्या वैशाखात तुमच्या लहान्याची वरात निघाली. मी म्हटलं, मी आपला एस.टी.नं येतो. तुम्ही आयकलं नाई. मोठ्या सुनेचा बाप, मानाचा इवाई, एस.टी.त धक्के खात आला तर लोक काय म्हणतीन, असं म्हणून तुम्ही मले तुमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, सगळ्यात समोर, गादी टाकून बसवलं. फेटा तुमच्या हातानं बांधला. बाजूले बँडवाल्याचा मोठा ढोल. नाल्याच्या उतारावर ट्रॉलीची पिन निघाली आणि ट्रॉली पलटली. पंचवीस माणसाईले खरचटलं. ढोलाले चीर नाई गेली. मी ढोलाच्या खाली. तवा तुम्हीच मले उचलून, धोतर सुटलं तरी न थांबता, सडकेपर्यंत नेलं. नागपूरच्या दवाखान्यात दीड महिना माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून झोपले. पाठीचा मणका मोडला, आतली दोरी चेपली, आता पाय उठणार नाईत, असं डॉक्टरनं सांगतलं तवा मी तुमची समजूत काढली, तुम्ही माझी नाई.

मंग तुम्हीच भैय्याजी वकिलाले घेऊन आले. तुम्हीच म्हणाले, 'माझ्यावर केस टाका इवाई. नाव माझं राहीन, पैसे कंपनी देईन.' मी टाकली. पण वकिलाच्या नोटिशीची भाषा काही इवायाची नसते. 'गैरअर्जदाराच्या घोर निष्काळजीपणामुळे' वगैरे तुमच्या अंगणात चार लोकाईसमोर वाचल्या गेलं, आणि त्या दिवसापासून तुमचं येणं बंद झालं. ते 'घोर' मी लिहिलं नाई हो. मले ते नंतर समजलं.

इकडचे हाल लिहावे तर कागद पुरणार नाई, आणि लिहू नाई तर तुम्हाले वाटीन मजेत आहे. दिवाळीच्या आधी रुख्मानं, आमच्या कारभारणीनं, पायाले शेक म्हणून गरम वीट फडक्यात गुंडाळून ठेवली. मी आरामात पेपर वाचून राह्यलो. घरात काही जळून राह्यलं असा वास आला म्हणून मी तिले हाक मारली, दूध पाह्य म्हटलं. दूध नव्हतं, माझी टाच होती. तिनं तो पाय मांडीवर घेतला आणि जे रडली! मी तिले म्हणत होतो की मले काहीच दुखत नाई, आणि त्यानं ती अजूनच रडत होती. कंपनीचा डॉक्टर तपासायले आला तवा त्यानंही टाचणी टोचून पाह्यली, मी ढोंग करतो का म्हणून. मी म्हटलं, टोचा, एवढ्या दुरून आले, मोकळ्या हातानं काऊन जाता.

तर तारखेचा दिवस. कापसाच्या ट्रकमध्ये माझी खाट टाकली आणि वर्ध्याले नेली. कोर्टाजवळची गल्ली लहान, ट्रक आत जाईना. चौघाईनं खाट खांद्यावर घेतली. थंडी म्हणून रुख्मानं माझ्यावर पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढलेली. आता रस्त्यावरच्या माणसाले काय वाटीन? दुकानदारानं रेडिओ बंद केला. एका सायकलवाल्यानं उतरून हात जोडले. एक म्हातारबा टोपी काढून आमच्यासंगं चालू लागला आणि बबनले हळूच विचारे, 'वय काय होतं?' मी मान वळवून म्हटलं, 'बावन.' म्हातारबा जो पळाला तो पडलेली टोपी घ्यायलेही परतला नाई. चौघं हसले, मीही हसलो. मंग मले असं वाटलं की आपल्या मयतीत आपणच हसलो, आणि पायऱ्या यायच्या आधी मी ती चादर कंबरेपर्यंत खाली ढकलली.

आता खरी गोष्ट. भैय्याजी वकिलानं मले आदल्या दिवशी समजावलं होतं. वराती म्हणून ट्रॉलीत बसला त्याचे पैसे कंपनी देत नाई. मजूर म्हणून बसला तर देते. त्यानं काही खोटं बोला म्हटलं नाई. तो एवढंच म्हणे, 'याद करके देखो डोमाजी, तुम्ही मंडपाचे बांबू उतरवायले मजूर म्हणून तर नव्हते गेलते?' मी आठवून पाह्यलं. पालथं पडलेल्या माणसाले पाहिजे ते आठवते. रुख्माकडे पाह्यलं तर अजूनच पक्कं आठवलं. तुमच्या वकिलालेही तेच आठवत होतं, म्हणजे तुम्हालेही आठवलं असंन.

जजसाहेबाईनं माझी खाट टेबलाजवळ ठेवायले लावली. मी शपथ घेतली आणि मजूर झालो. काय सांगू, मस्त चाललं होतं. बांबू किती, कोणी चढवले, सगळं सांगतलं. नागपूरचा कंपनीचा वकील आडवा-उभा विचारत होता, मी हलत नव्हतो. (हलायचा तसाही सवाल नव्हता.) मंग त्यानं आवाज मऊ केला. म्हणे, 'डोमाजी, तुमची मला कीव येते. हा नत्थूजी कसा माणूस आहे? गरीब मजुराला जनावरासारखं बांबूंवर बसवलं, पाडलं, आणि नंतर ढुंकूनही पाहिलं नाही, असंच ना?'

इवाई, मले एवढंच म्हणायचं होतं, 'होय साहेब.' दोन शब्द. भैय्याजी डोळ्यानं 'होय' म्हणून राह्यला होता. तुमचा वकील मान हलवून राह्यला होता. आणि मी खाटेवर कोपरं टेकून अर्धा उठलो आणि ओरडलो, 'तोंड सांभाळा साहेब! ते माझे इवाई आहेत! त्याईनं मले गादीवर बसवलं, सगळ्याईच्या समोर, माझा फेटा बांधला आपल्या हातानं, आणि मी पडलो तवा लेकरासारखं उचलून नेलं!'

कोर्टात पंखा नव्हता म्हणून बरं, असता तर त्याचाही आवाज आला असता. जजसाहेबाईनं चष्मा काढून माझ्याकडे पाह्यलं आणि लिहून घेतलं. कंपनीचा वकील मले म्हणाला, 'धन्यवाद,' आणि खाली बसला. मानाचा इवाई म्हणून गादीवर बसलो होतो हे मीच शपथेवर सांगतलं, आता कंपनी सुटल्यासारखीच आहे असं भैय्याजी म्हणे. परतताना ट्रकमध्ये रुख्मा माझ्याशी बोलली नाई. अर्धा रस्ता मागं पडला तवा म्हणाली, 'पाय गेले ते गेले, तोंडाले कोणी सांगतलं होतं चालायले?' मी म्हटलं, तो वकील नत्थूजीले नाई ते बोलला. मंग ती चादर नीट करून म्हणे, 'त्याईनं उचललं होतं, हे तं खरं आहे.'

बाकी काय लिहू. इहीणबाईले नमस्कार, लेकराईले आशीर्वाद.

तुमचा,
डोमाजी (अर्जदार)

ता. क. पहिली : केस मी मागं घेणार नाई, हे साफ सांगतो. कंपनी सुटली तर सगळं तुमच्यावर येईन, ट्रॅक्टर विकावा लागंन, हे मले माहीत आहे. पण माझ्यामागं रुख्मानं काय खावं? तुमच्या चांगुलपणावर तिनं उरलेले दिवस काढावे असं मले वाटत नाई, आणि तुम्हालेही वाटू नये. तवा तुम्ही जोर लावून लढा, मीही लढतो. कोर्टात येत जा मात्र.

ता. क. दुसरी : पंचफुलाले सातवा महिना लागला हे आम्हाले बांगड्यावाल्या कासारणीकडून समजलं. माय-बापाले कासारणीकडून समजावं, इवाई? रुख्मानं ते आयकलं आणि बांगड्या न भरताच उठली. पहिलं बाळंतपण माहेरी होते. तिच्यासाठी आतली खोली सारवून ठेवली, माझी खाट ओसरीत घेतली. संक्रांत झाली की तिले पाठवजा. या पत्रात वर जे लिहिलं ते सगळं यासाठीच लिहिलं, पण हे आधी लिहायची हिंमत झाली नाई.

ता. क. तिसरी : पुढची तारीख एप्रिलमध्ये आहे, बाळंतपणही त्याच सुमारास. मी भैय्याजीले तारीख वाढवून मागायले सांगतलं. तो म्हणे, अर्जात कारण काय लिहू? मी म्हटलं, लिहा, दोन्ही पक्ष आजोबा होऊन राह्यले.