पाच किलोमीटर, पस्तीस मिनिटं

महाळुंगे पडवळ,
श्रावणातला दुसरा सोमवार
(उपवास सुटायच्या आत लिहितो आहे, सूर कडक वाटला तर तो पोटाचा समजावा.)

श्री. नवनाथराव यांस दाजी हनुमंत याचा रामराम.

इकडे तुमची बहीण, माझी आई, दोन्ही म्हशी आणि नवं रेडकू खुशाल आहेत. माझे गुडघे या यादीत धरू नका. तिकडे तुमची ॲसिडिटी आणि सौ. स्वप्नाची मान कशी आहे? पत्र बघून दचकला असाल. फोन केला असता, पण तुम्ही गाडीत फोन स्पीकरवर टाकता आणि शेजारी तुमचे साहेब बसलेले असतात, हे मला मागच्या वेळी त्या साहेबांविषयी सगळं बोलून झाल्यावर कळलं. व्हॉट्सॲपचं म्हणाल तर माझ्या फोनचा पॅटर्न तुमच्या बहिणीला माझ्याआधी पाठ झाला. ही बाब फक्त तुमच्या-माझ्यातली आहे, म्हणून कागद.

तुम्ही सप्टेंबरअखेरचे हिमालयातले दोन ट्रेक कळवले. सोपा केदारकंठा, साडेबारा हजार फूट. अवघड रूपिन पास, सव्वापंधरा हजार. (आपला भीमाशंकर सव्वातीन हजार, आणि तिथं मी एस.टी.नं जातो.) दोघांनी मिळून जाऊ, कुठला ते तुम्ही ठरवा, असं तुम्ही म्हणालात, हा तुमचा मोठेपणा. मी घरी बसून दोन मिनिटांत केदारकंठा ठरवला होता. मी नसताना म्हशींची धार, वैरण, डेअरी हे तुमची बहीण बघतेच (मी असतानाही तीच बघते), तेव्हा घरची काही अडचण नव्हती. आणि खरं सांगतो, मला मनापासून जायचं होतं. लग्नातल्या घोड्यावरून उतरल्यापासून माझ्या गळ्यात कुणी हार घातलेला नाही.

पण त्याच दिवशी मी दाढी करायला गेलो. सलूनमध्ये आमचे मित्र बाळासाहेब होते, जे गेली आठ वर्षं पंचायतीला उभे राहणार आहेत. त्यांनी विचारलं, पावणं कुठं नेतायत म्हणं? बाकावर आणखी चार जण होते, माझ्या निम्म्या तोंडाला फेस होता, आणि उरलेल्या निम्म्या तोंडातून रूपिन निघून गेला. सोपा ट्रेक आहे असं चार माणसांत कसं सांगायचं, तुम्हीच सांगा. सव्वापंधरा हजार फूट म्हटल्यावर न्हाव्यानं वस्तरा थांबवला, हे सुख मी आधी कधी घेतलं नव्हतं. जाता जाता ऑक्सिजनबद्दलही चार गोष्टी सांगितल्या, त्यातली एकही मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. दहा बाय आठ. मध्ये मी, गॉगल लावलेला (गॉगल बाळासाहेबांच्या फोटोतला काढून मला बसवला आहे, म्हणून तो एका कानावर तरंगतो), मागे बर्फाचे डोंगर, खाली बाळासाहेब हात जोडून, आणि वर लिहिलंय, ‘रूपिन पास सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. मी म्हटलं, अहो, अजून गेलो नाही. तर म्हणाले, “तारीख कुठं टाकलीय राव? फ्लेक्स दोन महिनं टिकतोय, तवर तुमी येताय की जाऊन.” झालं. आता केदारकंठ्याला जायचं म्हणजे फ्लेक्सच्या खालून, मान खाली घालून जायचं.

तशात तुमच्या ट्रेकवाल्यांचा निरोप आला की पाच किलोमीटर पळून दाखवा आणि ॲपमधला पुरावा पाठवा. रूपिनला पस्तीस मिनिटं, केदारकंठ्याला चाळीस. नवनाथराव, शहरात माणूस पळतो तेव्हा लोक त्याला वाट देतात. आपल्याकडे त्रेपन्न वर्षांचा माणूस सकाळी मंचरच्या रस्त्यानं पळताना दिसला तर त्याचा एकच अर्थ होतो. पहिल्या दिवशी हौशीराम दुधाच्या कॅनसकट मोटरसायकल आडवी घालून म्हणाला, “अण्णा, कोण गेलं?” कुणी गेलं नाही म्हटलं तर मला धक्का बसलाय असं समजून त्यानं पाणी पाजलं. असे चार ठिकाणी थांबलो. ॲपनं एक तास आठ मिनिटं दाखवली, आणि दुपारी तिघं जण दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन घरी भेटायला आले. आई अंगणातच बसली होती, तिला बघून ते फार गोंधळले.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, कुणाशी बोलायचं नाही. न बोलता पळणारा माणूस तर आणखीच दुःखी दिसतो. हौशीरामनं मला दंडाला धरून मागे बसवलं आणि थेट पाच किलोमीटरवरच्या डेअरीवर सोडलं. “लाजता कशापायी, आमी हाय की,” एवढंच म्हणाला. त्या दिवशी माझे पाच किलोमीटर सात मिनिटांत झाले. तो पुरावा पाठवायचा मोह झाला होता, पण मग ट्रेकवाल्यांनी मला सामान वाहायला ठेवलं असतं.

तिसऱ्या दिवशी मात्र जमलं. तपशिलात शिरत नाही. पाच किलोमीटर, तेहेतीस मिनिटं चाळीस सेकंद. पुराव्याची छापील प्रत सोबत जोडली आहे. तेव्हा पूर्ण विचारांती माझा निर्णय रूपिन असा आहे, नाव नोंदवावं. बाकी सर्व ठीक. ॲसिडिटीवर रात्रीचं चमचमीत बंद करा, आणि सौ. स्वप्नाला आशीर्वाद सांगा.

आपला,
हनुमंत दाजी

ता. क. सही केल्यावर बरं वाटेना, म्हणून लिहितो. तो पुरावा माझा नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून ॲप चालू केलं, बुटाची नाडी बांधली आणि फोन ओट्यावरच विसरून निघालो. अर्ध्या किलोमीटरवर हौशीराम भेटला, पुढचं तुम्ही ओळखा. डेअरीसमोर चहा घेत होतो तर समोरून तुमची बहीण. साडी खोचलेली, पायात स्लिपर, मुठीत माझा फोन. घरापासून डेअरीपर्यंत पळत आली होती. “हे सारखं इंग्रजीत बोलतंय, म्हटलं कुणाचा महत्त्वाचा फोन व्हता का काय,” म्हणाली. दम लागलेला नव्हता. दम मला लागला, फोन बघून.

ता. क. दुसरा. आता खरं काम. तिला मी ते तेहेतीस मिनिटांचं समजावलं. घरी वळताना तिनं एवढंच विचारलं की तिथला बर्फ हातात घेता येतो का. नवनाथराव, तुम्ही तिचे सख्खे भाऊ. तुमच्या शिनोलीच्या डोंगरावरून गवताचा भारा घेऊन ती पुढे आणि तुम्ही रिकाम्या हातानं मागे रडत, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. तरी ट्रेकचं तुम्ही मला विचारलंत. आणि पंचवीस वर्षं मीही सांगत फिरलो की द्रौपदा कधी काही मागत नाही. तिला विचारलं कुणी होतं? मला माझी लाज वाटली, थोडी तुमचीही वाटून घ्या. तेव्हा रूपिनला तिचं नाव घाला, तुम्ही तिच्याबरोबर जा. मला एकट्याला केदारकंठ्याच्या कुठल्याही गटात ढकला, चाळीसच्या आतला पुरावा तिच्याकडूनच घेतो. गावात दोघं मिळून रूपिनला गेलो असं सांगू. हे पत्र वाचून फाडून टाका. पाकिटाला डिंक लावायला द्रौपदाकडे देतो आहे, ती काही वाचत नाही.

ता. क. नवनाथ, मी आक्का. समदं वाचलं. रूपिनला माझं नाव घाल, बुटाचा नंबर सहा. केदारकंठ्यातनं ह्यांचं नाव काढ. म्हशी कुणाच्या जिवावर सोडायच्या ते तुमा दोघांना सुचलंच न्हाई. ह्यांना मी सांगितलंय, आठ दिवस धार तुमीच काढायची. न्हाई म्हणाले न्हाईत. पर म्हशी अनोळखी माणसाला पान्हवत न्हाईत, लाथा मारत्यात. म्हणून फाट्यावरचा फ्लेक्स उतरवून आणलाय आन् गोठ्यात म्हशींच्या तोंडासमोर बांधलाय. मी जाईस्तवर त्यांना ह्यांच्या चेहऱ्याची सवय व्हईल.