नवसाची वासरं

रविवार, १ ऑक्टोबर २०२३

प्रिय दुआर्तदादा,

तुमच्या अलास्कात आता हुडहुडी भरायला लागली असेल. बोटीवरून उतरशील तेव्हा पत्र हाती पडेल असं धरून लिहितेय. इकडे बदामाची झाडणी उरकली, सगळ्या गावावर धूळ बसलीय. माझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याहून जास्त कुरकुरते, म्हणजे बरी आहे.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझ्या आईने, बेल्मिरामावशीने, यंदाची वासरं बाजारात विकली. ते चूक आहे. वासरं गाडीत चढताना मी पाहिली आणि बाजारात गेली असतील असं गृहीत धरलं. ती गेली पवित्र आत्म्याच्या सणाला. मंडपात आम्ही सगळ्यांनी जे फुकटचं सोपाश, तो पावावर ओतलेला मांसाचा रस्सा, खाल्लं, ते मावशीच्या वासरांचं होतं. यंदाचंच नव्हे, गेली कित्येक वर्षं. चूक खोडायची नाही, शेजारी बरोबर लिहायचं, हे आईने स्वयंपाकघराच्या टेबलाशी शिकवलंय. म्हणून लिहिलं.

नुसत्या चुकीसाठी लिहिलं नसतं. त्या वासरांवर आता कुरण अडलंय.

तुझे बाबा गेल्यावर तुझ्या जिल मिगेलकाकांशी जमिनीची वाटणी झाली. करसवलतीचा जुना करार एकत्र जमिनीचा होता, त्यामुळे मावशीच्या वाट्याला नवा करार लागतो. दहा वर्षं तिथे शेती किंवा गुरंच ठेवायची आणि काउंटीने कर शेतीच्या दराने घ्यायचा. करार झाला नाही तर घरांच्या प्लॉटच्या दराने. घरं आता कालव्यापर्यंत आलीत, दादा. मावशीच्या पेन्शनमध्ये तो कर बसत नाही. बिल्डरचा माणूस दर महिन्याला फाटकात कार्ड खोचून जातो. ती त्या कार्डांनी चूल पेटवते, पण किती दिवस?

या करारांचे अर्ज काउंटीच्या ऑफिसात माझ्याच टेबलावर येतात. पूर्वी ते कपाटात पडून असायचे आणि डिसेंबरात शेतकऱ्याला कळायचं की एक कागद कमी होता, पुढच्या वर्षी या. मला ते बघवेना. मी एक तपासणीची पद्धत बसवली. खिडकीवरच अर्ज पाहायचा, काय कमी आहे ते तिथेच सांगायचं, पुरं करायला मुदत द्यायची, नाहीतर परत. सगळ्यांना एकच नियम. आमचे साहेब ग्लेन म्हणाले, “झेलिया, तू या ऑफिसची खिडकी उघडलीस.” मला फार आनंद झाला होता.

त्या खिडकीशी मावशी आली. उत्पन्नाच्या जागी तिने लिहिलं होतं, ‘काही नाही. वासरं देवाला दिली.’

मी म्हटलं, “मावशी, इथे विक्री दाखवावी लागते. धंद्याची गुरं लागतात.”

“मग खोटं लिहू? तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.”

“खोटं नको. कुरण चराईला भाड्याने दे. तो करारनामा जोडला तरी चालतो. शेजारचा आव्हिला कधीचा मागतोय.”

“आणि माझ्या गवतावर वाढलेलं वासरू त्याने बाजारात न्यायचं? म्हणजे नवस मोडायचा, फक्त दुसऱ्याच्या हाताने! वा गं पोरी. एवढ्यासाठी तुझ्या आईने तुला घरी बसवून शिकवलं?”

मागच्या रांगेतले हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार होते?

माझ्या जागी पूर्वीच्या बाई असत्या तर “काहीतरी आकडा टाका हो” म्हणाल्या असत्या. मी ग्लेनना सांगितलं की ही माझी मावशी आहे, हा अर्ज तुम्ही बघा. त्यांनी पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “माझ्या सहीने उत्तर बदलेल का?” नाही बदलत. दोन दिवस मी पूर्ण नियमावली चाळली. वाट नाही. असती तरी ती मी फक्त मावशीसाठी उघडली असती का, हा प्रश्न राहिलाच असता.

इतकं ऑफिसचं लिहिलं, कारण पुढचं लिहायला मन धजत नाही.

नवस कशाचा, ते मी आईला विचारलं. तिने मटार सोलता सोलता सांगितलं. तुझे बाबा तुला “या फाटकात पाय ठेवू नकोस” म्हणाले, त्याच वर्षीचा तो नवस आहे. दुआर्त त्या फाटकातून आत येईपर्यंत या कुरणावरचं एक वासरूही विकायचं नाही. तू समजत होतास की तिने तुझं नाव टाकलं. घरात ती तुझं नाव खरंच काढत नाही. बाबांच्या मातीला तू आला नाहीस, तेव्हाही काढलं नाही. दर वर्षी वासरं गाडीत चढवते, आणि बस.

तू आलास तर नवस फिटेल आणि ती आव्हिलाच्या कागदावर सही करेल. पण तिने आईला शपथ घातलीय की तुला कळता कामा नये. बोलावून आलेला मुलगा नवसाला चालत नाही, म्हणते. म्हणजे हे सांगून मी कुरण वाचवतेय की नवस बिघडवतेय, मला कळत नाही. रात्रभर दोन्ही बाजू मांडल्या. दोन्ही बरोबर वाटतात.

म्हणून मी ‘ये’ असं लिहीत नाही. तू तेव्हा ती जमीन विकायला सांगत होतास, तेही मी विसरले नाही. मी फक्त चूक दुरुस्त केली आणि जे खरं आहे ते लिहिलं.

मुदत सोमवारी, १६ तारखेला संपते. पोस्टाने परत आलेला अर्ज तिने एकटीने फोडू नये, म्हणून मी रजा टाकलीय. तो मीच तिच्या हातात नेऊन देणार आहे.

तुझी धाकटी, जिच्या हातात याहून जास्त काही नाही,
झेलिया

ता. क. अर्ज घेऊन मी तिच्या फाटकाशी पोचेन तो दिवस: मंगळवार, १७ ऑक्टोबर, सकाळी.