हरवलं तर जागचं हलायचं नाही

बर्लिन, इशिताचं घर

ती. उषावहिनींना, पायमोज्यांच्या दोन जोड्या चढवलेल्या अलकाचा वाकून नमस्कार (वाकता येतं तेवढाच, अंगात तीन स्वेटर आहेत).

तुमचा गुडघा कसा आहे? मोठे भावजी सकाळी राम घाटावर जाताना कानटोपी घालतात ना? आम्ही दोघं सुखरूप आहोत आणि मुख्य म्हणजे एकत्र आहोत. हे वाक्य काल दुपारी मला लिहिता आलं नसतं. फोनवरच सांगितलं असतं, पण लेक शेजारच्या खोलीत आहे आणि तिला यातलं अक्षर कळता कामा नये. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. वाचून झालं की पुसून टाका.

इथे येऊन आधी आम्ही खिडकीतूनच शहर पाहिलं. मग इशिता आणि जावई ऑफिसला गेल्यावर यांना हुक्की आली की आपले आपण फिरून येऊ. इशिताने फोनमध्ये नकाशा घालून दिला होता. पण तुमचे दीर म्हणजे भूगोलाचे मास्तर, रिटायर झाले तरी मास्तरच. ज्या उज्जैनवरून जुन्या काळी देशाची वेळ मोजत, तिथला माणूस नकाशा विचारत फिरणार नाही म्हणाले, सूर्य बघून दिशा कळते. आता आम्ही उतरल्यापासून इथे सूर्य उगवल्याचं कुणी पाहिलेलं नाही. परिणामी एकच चर्च आम्ही तीन बाजूंनी पाहिलं आणि प्रत्येक वेळी यांनी त्याचा नवा इतिहास सांगितला. मी प्रत्येक वेळी "वा" म्हणाले.

फिरत फिरत एका मोठ्या चौकात आलो. तिथे जगातल्या शहरांच्या वेळा दाखवणारं एक भलंमोठं गोल घड्याळ आहे. त्यावर उज्जैन नाही म्हटल्यावर हे जे खवळले! नीट बघतो म्हणून घड्याळाभोवती फिरायला लागले. उज्जैन मिळेपर्यंत माझे पाय तिथेच गोठले असते, म्हणून मी समोरच्या दुकानात ऊब घ्यायला शिरले आणि बाहेर पडले ती भलत्याच दाराने. बर्फ असा पडत होता की पुढचं काही दिसेना. समोर ट्राम, मागे ट्राम आणि यांचा पत्ता नाही. माझा फोन यांच्या खिशात (माझ्या कोटाचे खिसे नुसते दिखाऊ आहेत), यांचा घरी चार्जिंगला. इशिताला फोन लावणं म्हणजे वाट चुकल्याची कबुली, ती हे या जन्मी देणार नाहीत.

मग मी तेच केलं जे आपल्या घरातला कुणीही करेल. सिंहस्थात घराबाहेर पडताना सासूबाई आपल्या सगळ्यांकडून वदवून घ्यायच्या ते आठवतं ना, हरवलं तर जागचं हलायचं नाही, शोधणारा शोधत येईल. मी ट्रामच्या थांब्यावर खांबासारखी उभी राहिले. यांनीही तेच केलं. घड्याळाखाली उभे. शोधणारा कोण, हे सासूबाईंनी सांगितलंच नव्हतं, वहिनी. तिकडे घरी कुणीतरी असायचं, घाटावर हरवलेल्यांची नावं पुकारणारा खोया-पाया केंद्राचा भोंगा असायचा. (गेल्या सिंहस्थात हेच त्या माइकवर बसायचे. पुढच्या वेळी नको म्हणून मीच तुमच्या कानाशी लागले होते.) इथे आम्ही दोघंच, दोघंही हरवलेले आणि दोघंही आज्ञाधारक.

सुरुवातीला मला राग आला. मग भीती वाटायला लागली. यांची ब्लडप्रेशरची गोळी माझ्या पर्समध्ये, यांच्या बुटांना पकड नाही, बर्फावर घसरून पडले तर हाक कुठल्या भाषेत मारणार. एका बाईने थांबून मायेने काहीतरी विचारलं, तर मी "नो नो, हजबंड" एवढंच म्हणाले आणि रडू आलं. ती बिचारी पुढच्या ट्राममध्ये चढून गेली. मी महाकालाला सव्वा किलो पेढे बोलले, मग अडीच केले.

आणि तेवढ्यात बर्फातून आवाज आला. तोच, घाटावरचा, नाकातला.

"सुनिए, सुनिए. उज्जैन, फ्रीगंज से आई हुई श्रीमती अलका वसंत टोकेकर, उम्र पचपन साल, रंग गेहुआ, भैरवगढ़ के छापे की शॉल ओढ़े हुए, आप जहाँ कहीं भी हों, घड़ी के नीचे आ जाइए. आपके पति यहाँ बहुत परेशान हो रहे हैं."

(वयातली आठ वर्षं त्यांनी आपणहून माफ केली.) मध्ये ट्राम येत राहिल्या म्हणून पोचायला जरा वेळ लागला. हे घड्याळाखाली तोंडाशी हातांचा भोंगा करून उभे, टोपीवर बर्फ, भोवती पाचसहा माणसं गोळा झालेली. मला पाहून म्हणाले, "मी तर जागचा हललोच नाही, कसम से." मी म्हटलं, "मी पण." एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. माझा जीव भांड्यात पडला, वहिनी. घरी येताना रस्ता मी लोकांना विचारला आणि हे माझा दंड धरून मुकाट्याने चालत होते.

मुलांना सगळं ठीक सांगितलं आहे. उज्जैन घड्याळावर नाही, एवढंच जेवताना पुन्हा पुन्हा निघालं.

तुमची, जागची न हललेली,
अलका

ता. क. : खरं काम राहिलंच. येत्या सिंहस्थासाठी माइकवाल्यांची नावं भावजी देणार आहेत ना, त्यात यांचं घालायला सांगा. आवाज फुटतो, लोक हसतील, असं मी म्हणाले होते ते परत घेते. आवाज चांगला पोचतो. ट्रामच्या पलीकडून मी स्वतः ऐकला आहे.

ता. ता. क. : एवढं मात्र भावजींना वाचून दाखवू नका. ट्राम काही आडव्या आल्या नव्हत्या. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. लग्नात उखाण्यात नाव घेतलं तेवढंच, त्यानंतर "अगं", "ऐकलं का" आणि "इशिताची आई" यापुढे हे कधी गेले नाहीत. भर चौकात माझं नाव अख्खं घेत होते, म्हणून मी उभीच राहिले. तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा आवाज फुटला, तेव्हा निघाले.